मुलांचे वजन आणि शाळेची ऐपत

शाळेच्या प्रगतिपुस्तकात गुणांच्या तक्त्याखेरीज आणखी दोन रकाने असतात. एक उंचीचा, दुसरा वजनाचा. वर्गशिक्षक ते नेमाने भरतात, पालक गुणांखाली सही करताना त्यांवरून नुसती नजर फिरवतात आणि पुस्तक पुन्हा शाळेत जाते. गणितात पस्तीस गुण पडले तर घरात दोन दिवस त्याची चर्चा चालते. परंतु मुलाचे वजन वर्षभरात बारा किलोंनी वाढले, किंवा एका किलोनेही वाढले नाही, तर त्याबद्दल सहसा कोणी विचारीत नाही.

हे दोन आकडे वाचावयाचे कसे, हे अवघड नाही. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो आकडा येतो त्यास शरीरभारांक म्हणतात. चौदा वर्षांचा एक मुलगा दीड मीटर उंच आहे आणि त्याचे वजन ३५ किलो आहे असे समजू. त्याचा अंक १५.६ येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात या वयाच्या मुलांसाठी कृशतेची रेषा १५.५ वर आहे. म्हणजे हा मुलगा त्या रेषेच्या अगदी काठावर उभा आहे. त्याच उंचीच्या व वयाच्या दुसऱ्या मुलाचे वजन ५० किलो असेल तर त्याचा अंक २२.२ होतो, आणि अतिवजनाची २१.८ ही रेषा त्याने ओलांडलेली असते. एकाच तालुक्यात, दोन मैलांच्या अंतरावर, अशी दोन मुले सहज सापडतील. त्यांच्या घरची परिस्थिती काय, हा प्रश्न आपण लगेच विचारतो. ती कोणत्या शाळेत जातात, हा प्रश्न मात्र आपल्याला सुचत नाही. आणि प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे.

दोन जिल्हे, अनेक शाळा

सातारा आणि सांगली हे मुळात एकच. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली पडले. या दोन जिल्ह्यांत निसर्गाने जेवढी विषमता ठेवली आहे तेवढी महाराष्ट्रात क्वचितच आढळेल. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. तेथून एका दिवसात जाऊन येता येईल अशा माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास घुटमळतो. कृष्णाकाठी कऱ्हाड, वाळवा, मिरज या पट्ट्यात ऊस, साखर कारखाने, दूध संघ आणि त्यांच्या आधाराने वाढलेली सुबत्ता आहे. पूर्वेकडे माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांनी पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ सोसला, आणि त्यांतील कित्येक कुटुंबे कोयता घेऊन त्याच उसाच्या फडावर मजुरीस येत राहिली. पश्चिमेच्या जावळी-पाटणच्या डोंगरात पाऊस उदंड, पण घरातला कर्ता पुरुष मुंबईस, अशी स्थिती होती व बऱ्याच अंशी आहे.

शाळांचेही असेच थर पडले आहेत. एका बाजूस जिल्हा परिषदेच्या शाळा आहेत. मध्ये रयत शिक्षण संस्थेसारख्या संस्थांची अनुदानित विद्यालये आहेत. महाराष्ट्राने २०१२ साली स्वयंअर्थसाहाय्यित शाळांचा कायदा केला, त्यानंतर फी घेऊन चालणाऱ्या इंग्रजी माध्यमाच्या शाळा तालुक्याच्या गावीच नव्हे, तर मोठ्या खेड्यांच्या वेशीवरही उभ्या राहिल्या. त्यांच्या पिवळ्या गाड्या सकाळी वस्त्यांवरून मुले गोळा करीत फिरतात. ज्यांची ऐपत होती ती मुले त्या गाड्यांत बसली. ज्यांची नव्हती ती गावच्या शाळेत राहिली. पूर्वी एकाच बाकावर बसणारी बागायतदाराची आणि शेतमजुराची मुले आता निरनिराळ्या इमारतींत बसतात. म्हणून आज शाळेचे नाव कळले की मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अंदाज बांधता येतो.

श्रीमंतांचा रोग?

लठ्ठपणा हा श्रीमंतांचा रोग, अशी आपली समजूत आहे. 'खात्यापित्या घरचा' या शब्दप्रयोगातच ती साठवलेली आहे. ही समजूत निराधार आहे असेही नाही. भारतात आजवर ज्या पाहण्या झाल्या त्यांतील बहुतेकींत खाजगी शाळांतील मुले सरकारी शाळांतील मुलांपेक्षा अधिक वजनदार आढळली आहेत. २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वर्षे वयाच्या मुलामुलींपैकी २४ टक्के कृश आढळली आणि ५ टक्के अतिवजनाची. म्हणजे देशाचा मोठा प्रश्न अजून उपासमारीचाच आहे, असे कोणी म्हटले तर त्यास खोटे पाडता येणार नाही.

परंतु जे प्रमाण आज लहान आहे ते कोणत्या वेगाने वाढते आहे, हेही पाहावयास हवे. पाच ते एकोणीस वयोगटातील लठ्ठ मुलांची संख्या भारतात १९९० साली सुमारे ४ लाख होती. २०२२ साली ती सव्वा कोटीच्या घरात गेल्याचा अंदाज जागतिक शास्त्रज्ञांच्या एका गटाने 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. युनिसेफच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे जगातील शाळकरी मुलांत लठ्ठ मुलांचे प्रमाण (९.४ टक्के) कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणाहून (९.२ टक्के) प्रथमच अधिक झाले.

याहून महत्त्वाची गोष्ट दिशेची आहे. श्रीमंत देशांतही लठ्ठपणा एके काळी सुखवस्तूंचे लक्षण होता. आज तो गरिबीचे लक्षण झाला आहे. इंग्लंडमध्ये दरवर्षी प्राथमिक शाळांतील मुलांची उंची व वजन मोजले जाते. तेथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांत अत्यंत गरीब वस्त्यांतील लठ्ठपणाचे प्रमाण सधन वस्त्यांच्या दुपटीहून अधिक भरते. अमेरिकेत किशोरवयीन मुलांचे एक मोठे सर्वेक्षण १९९४ साली सुरू झाले. त्याच्या आधारे झालेल्या अभ्यासात असे दिसले, की कुटुंबाची मिळकत जमेस धरल्यावरही ज्या शाळेतील एकंदर कुटुंबे सुस्थितीतील असतात त्या शाळेतील मुलांचा शरीरभारांक कमी असतो. याचा अर्थ असा, की घरच्या गरिबीखेरीज शाळेची गरिबीदेखील मुलाच्या अंगावर दिसू लागते. हाच उलटा प्रवाह आपल्याकडे वळला, तर आज कृश असलेल्या मुलांच्या शाळांतच उद्याची लठ्ठ मुले असतील. तो वळण्यास लागणारी सर्व कारणे कृष्णाकाठी व माणदेशात आजच हजर आहेत.

स्वस्त पोट

पहिले कारण अन्नाच्या किमतीचे आहे. पोट भरणे आज स्वस्त झाले आहे. अंग भरणे मात्र महाग राहिले. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो. पामतेलाचा जगातील सर्वांत मोठा आयातदार भारत आहे आणि त्या तेलात तळलेली पाच रुपयांची पुडी जत तालुक्यातील वाडीवरच्या टपरीवरही लटकते. डाळ, दूध, अंडे, फळ आणि भाजी या गोष्टी मजुराच्या हाताला महाग पडतात. ज्या सांगलीत द्राक्षांचे बाग आहेत आणि ज्या आटपाडीत डाळिंब पिकते, तेथल्या शेतमजुराच्या मुलाला फळापेक्षा वेफर्सची पुडी स्वस्त पडते. कामावर जाणारी आई सकाळी भाकरी थापून देऊ शकली नाही, तर पाच-दहा रुपये हातावर ठेवते. ते पैसे शाळेच्या फाटकासमोरच खर्च होतात. सधन घरच्या मुलाच्या हाती पन्नास रुपये असतात, एवढाच काय तो फरक.

दुसरे कारण शरीराचे आहे आणि ते अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. स्नायू कमी, अवयव लहान. परंतु कातडीखालील चरबी मात्र जवळजवळ इंग्रज बालकाएवढीच. 'कृश पण चरबीयुक्त' असे हे भारतीय बाळ. मातेच्या पोटात ज्याने उपासाची सवय लावून घेतली ते शरीर पुढे थोडेसे अधिक अन्न मिळताच चरबी साठवू लागते आणि मधुमेहाकडे लवकर झुकते. भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या अभ्यासाने दिला, त्यामागे हेही एक कारण आहे.

१९७२ च्या दुष्काळात माणदेशातील बायकांनी खडी फोडली आणि कामावर मिळणाऱ्या सुकडीवर मुले जगवली. त्या बायकांची नातवंडे आज नववी-दहावीत आहेत. अशा घरातील मुलाचे वजन वाढू लागले की आई समाधानाने म्हणते, "आता कुठे अंग धरतंय." तिच्या समाधानाला हसण्याचा अधिकार कोणासही नाही. पण ते अंग स्नायूंनी भरते आहे की चरबीने, हे पाहण्याची जबाबदारी मात्र कोणाची तरी असली पाहिजे.

शाळेची ऐपत म्हणजे काय?

तिसरे कारण खुद्द शाळा. शाळेची ऐपत म्हणजे केवळ संगणक आणि रंगवलेल्या भिंती नव्हेत. खेळण्यास मैदान आहे काय, खेळ शिकविणारा शिक्षक आहे काय, पिण्याचे पाणी नळाला आहे काय, दुपारी जेवण मिळते काय, आणि फाटकाबाहेर काय विकले जाते, या पाच गोष्टींत ती ऐपत मोजावी.

मैदानाचेच घ्या. शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेस क्रीडांगण असावे असे म्हटले आहे. तो कायदा २०१० पासून लागू आहे. गावच्या जुन्या शाळांना निदान जागा तरी आहे. शहरातील दाट वस्तीच्या शाळेत मैदान म्हणजे प्रार्थनेपुरते अंगण. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी दिवसातून सरासरी एक तास घाम येईल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे दहावीच्या वर्षी शारीरिक शिक्षणाची तासिका गणिताला दिली जाते. मुलींच्या बाबतीत तर वयात आल्यावर मैदान आपोआपच सुटते. माण तालुक्यातील मोही गावची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीत धावली, याचा आपण अभिमान बाळगतो. तिच्या तालुक्यातील आठवीनंतरच्या मुली आठवड्यातून किती तास धावतात, हे मात्र विचारीत नाही.

हा कुस्तीचा मुलूख आहे. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले. तालमीत दूध, तूप, बदाम यांना कोणी नावे ठेवीत नसे, कारण त्यांच्यामागे हजार जोर आणि बैठका होत्या. आज खुराकाची हौस राहिली आणि मेहनत मात्र गेली.

जेवणाची गोष्ट तर अधिक विचित्र आहे. शालेय पोषण आहार योजना १९९५ साली सुरू झाली. शिजवलेले अन्नच द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली दिला. पुढे २००७ च्या सुमारास ती सहावी ते आठवीच्या वर्गांनाही लागू झाली. उच्च प्राथमिक वर्गातील मुलाला दिवसाला ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे तिचे प्रमाण आहे. म्हणजे दीडशे ग्रॅम धान्य, तीस ग्रॅम डाळ आणि पंचाहत्तर ग्रॅम भाजी. मूल नववीत गेले की ही थाळी बंद होते. चौदावे-पंधरावे वर्ष म्हणजे हाडे लांबण्याचे, मुलींच्या बाबतीत रक्त कमी पडण्याचे वर्ष. राष्ट्रीय सर्वेक्षणात किशोरवयीन मुलींपैकी ४० टक्के रक्तक्षयी आढळल्या. नेमक्या त्याच वयात सरकारी थाळी उचलली जाते आणि तिच्या जागी टपरीवरचा वडापाव येतो. आठवीपर्यंतच्या थाळीतूनही काय काढून घेता येईल याचाच विचार चालू असतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्यातून एक अंडे देण्याचे राज्याने ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा निधी थांबवून ते लोकवर्गणीवर सोपविले. ज्या गावात वर्गणी निघू शकते त्या गावातील मुलांना अंड्याची तेवढी निकड नसते, ही साधी गोष्ट निर्णय घेताना लक्षात आली नसावी.

दोन आक्षेप

यावर दोन आक्षेप येतील. मुलाने काय खावे हे आईबापांनी पाहावे, शाळेचे ते काम नव्हे, हा पहिला. ज्या आईबापांना निवड करता येते त्यांच्यापुरता तो बरोबर आहे. परंतु मूल दिवसाचे सहा-सात तास शाळेत असते. तेवढा वेळ त्यास बसवून ठेवावयाचे, मैदान द्यावयाचे नाही, दुपारी जेवण द्यावयाचे नाही, आणि मग ते जाड झाले की आईला दोष द्यावयाचा, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चारांतले एक मूल कृश असताना लठ्ठपणाची काळजी म्हणजे सुखवस्तूंचे चोचले नव्हेत काय? असे वाटणे साहजिक आहे. पण हे दोन निरनिराळे रोग आहेत या कल्पनेवर ते उभे आहे. वस्तुतः दोन्ही एकाच चुलीवर शिजतात. प्रथिने नसलेले, तेल-साखरेचे अन्न कमी मिळाले तर मूल खुरटते, जास्त मिळाले तर फुगते. दोन्ही वेळा स्नायू व रक्त उपाशीच राहते. म्हणून डाळ, भाजी आणि अंडे असलेली एक थाळी आणि एक तास मैदान हा उपाय दोघांनाही लागू पडतो.

याच मातीतला धडा

हा विचार परदेशातून आणण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह काढले. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहूंचे नाव दिले गेले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र स्वयंपाक करीत, एका पंक्तीत जेवत आणि अंगमेहनत करून शिकत. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी आपले दागिने मोडले. मुलाची भाकर आणि मुलाचे श्रम या दोन्ही गोष्टी शिक्षणाचाच भाग आहेत, हे त्या दांपत्याने व्याख्याने देऊन नव्हे, तर करून दाखविले. जपानने १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा केला. तेथे मुले स्वतः वाढतात आणि शिक्षक त्यांच्याबरोबर तेच अन्न जेवतात. साताऱ्याच्या वसतिगृहात तीस वर्षे आधी याहून वेगळे काय चालले होते?

तेव्हा आज करावयाचे ते असे. शालेय पोषण आहार दहावीपर्यंत नेला पाहिजे. तमिळनाडूने १९८४ च्या सुमारास ते केले आणि त्यामुळे ते राज्य बुडाले नाही. ब्राझीलने २००९ साली कायदा करून शालेय आहारासाठी मिळणाऱ्या केंद्रीय निधीतील किमान ३० टक्के रक्कम लहान शेतकऱ्यांकडून माल घेण्यावर खर्च करावी असे ठरविले. आपल्याकडे कोरेगावचा वाघ्या घेवडा भौगोलिक मानांकनाने प्रसिद्धी पावला आहे, माणदेशात बाजरी व मटकी पिकते, कृष्णाकाठी भुईमूग होतो. हे सारे शाळेच्या चुलीपर्यंत आले तर मुलाचे आणि शेतकऱ्याचे दोघांचेही भले होईल. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरांच्या आत अति तेल, मीठ व साखर असलेले पदार्थ विकू नयेत, असा नियम अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०२० मध्ये केला आहे. तो अमलात आणण्यास नवा पैसा लागत नाही. ग्रामपंचायतीची आणि मुख्याध्यापकांची हिंमत लागते. खेळाची तासिका इतर विषयांना देण्याची प्रथा बंद करणे हे तर सर्वस्वी शिक्षकांच्याच हाती आहे.

आणि ते दोन रकाने. वर्गशिक्षकाने ते भरताना मुलाला सर्वांसमोर काट्यावर उभे करू नये, 'ढब्ब्या' किंवा 'काडी' म्हणून हाक मारणाऱ्यांना आवरावे, आणि ज्या मुलाचा आकडा रेषेच्या बाहेर गेला आहे त्याच्या पालकांशी एकट्यात, दोष न देता बोलावे. प्रत्येक केंद्रातील शाळांचे आकडे एकत्र मांडले तर कोणत्या शाळेला मैदान हवे आणि कोणत्या शाळेला डाळ हवी, हे वर्षभरात स्पष्ट दिसेल. रोजगार हमीची कल्पना तासगाव तालुक्यातील विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडली, १९७७ मध्ये तिचा राज्यात कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने त्या धर्तीवर कायदा केला. एका गावात सुरू झालेले काम इतके दूर जाऊ शकते, हे या भागाला कोणी नव्याने सांगावयास नको. दहावीपर्यंत थाळी आणि दररोज एक तास मैदान, एवढी मागणी सातारा-सांगलीच्या शिक्षकांनी व पालकांनी एकमुखाने केली, तर ती डावलणे कोणत्याही सरकारला सोपे जाणार नाही.